किंमत कोण मोजतो?

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर एक प्रश्न उरला, आणि त्याचे उत्तर शोधायला दहा वर्षे लागली: केंद्रपाडा जिल्ह्यात भितरकनिकाची खारफुटी ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये उभी होती, ती गावे खरोखरच तिच्यामुळे वाचली का? देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतल्या रुची बडोला आणि एस. ए. हुसेन यांनी तीन गावांची पाहणी करून २००५ साली आपला निष्कर्ष मांडला. खारफुटीच्या आडोशाला असलेल्या गावात घरटी नुकसान सुमारे ३३ डॉलर होते. खारफुटीही नाही आणि बांधही नाही अशा गावात ते ४४ डॉलरच्या आसपास होते, तर खारफुटी नाही पण समुद्राला अडवणारा बांध आहे अशा गावात तब्बल १५४ डॉलर. बांध फुटला की आत घुसलेले खारे पाणी त्याच बांधामुळे शेतात अडकून राहते. आकडे बोलके होते, पण गावे तीनच. तीन गावांतला फरक खारफुटीमुळे पडला की जमिनीची उंची, समुद्रापासूनचे अंतर, घरांचे बांधकाम अशा दुसऱ्याच एखाद्या कारणाने, हे कसे ठरवणार?

ही शंका रास्त होती, आणि तिला भिडण्यातच संशोधकाच्या पेशाचे सत्त्व दिसते. सौदामिनी दास या अर्थशास्त्रज्ञ महिलेने केंद्रपाड्यातल्या शेकडो गावांची माहिती जमवली. कोणत्या गावात किती माणसे दगावली, गाव किनाऱ्यापासून किती लांब आहे, भरतीची लाट तिथे किती उंच होती, गावात रस्ता आहे का, लोक काय करून पोट भरतात, असे एकेक करून नोंदवले. सर्वांत अवघड आक्षेप असा होता की, खारफुटी मुळातच लाटांचा मारा कमी असलेल्या जागी वाढते. म्हणजे गाव वाचले ते जागेमुळे, झाडांमुळे नव्हे. म्हणून पूर्वी कोठे खारफुटी होती आणि पुढे ती कोठे तोडली गेली, हेही जुन्या नकाशांच्या आधारे हिशेबात घेतले गेले. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे जेफ्री व्हिन्सेंट यांच्यासह त्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा: गाव आणि समुद्र यांच्यामधला खारफुटीचा पट्टा जितका रुंद, तितके मृत्यू कमी, आणि बाकीच्या साऱ्या कारणांचा हिशेब करूनही हा फरक टिकतो. याच निबंधात त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे: सरकारने वेळेवर दिलेल्या पूर्वसूचनेने खारफुटीपेक्षा अधिक जीव वाचवले. आपल्या विषयाच्या प्रेमापोटी हे वाक्य गाळण्याचा मोह एखाद्याला झाला असता. ते छापले गेले म्हणूनच बाकीच्या निष्कर्षावर विश्वास ठेवता येतो.

पर्यावरण आणि नैसर्गिक संसाधनांच्या अर्थशास्त्राचा संशोधक काय करतो, असे विचारले तर या कामाकडे बोट दाखवावे. या शाखेचे दोन प्रवाह आहेत. मासळी, भूजल, खनिजे, लाकूड यांसारखी संपत्ती आज किती वापरावी आणि उद्यासाठी किती ठेवावी, हा एक प्रश्न. अमेरिकन गणिती अर्थशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९३१ साली त्याची पायाभूत मांडणी केली. दुसरा प्रश्न केंब्रिजच्या आर्थर पिगू यांनी १९२० साली ठसठशीतपणे पुढे आणला. कारखान्याच्या धुराने शेजाऱ्याचे आरोग्य बिघडते, पण तो खर्च कारखान्याच्या वहीत कोठेच येत नाही. या शाखेबद्दल सर्वसाधारण समज असा की, झाडांना, नद्यांना, वाघांना रुपयांची चिठ्ठी चिकटवणे हा तिचा उद्योग. माझे म्हणणे वेगळे आहे. निसर्गाच्या नासाडीची किंमत कोणी ना कोणी आधीच मोजत असतो. बहुतेक वेळा तो गरीब असतो, लांब राहत असतो किंवा अजून जन्मालाच आलेला नसतो. ती किंमत कोण मोजतो, किती आणि किती काळ, हे तपासता येईल अशा पुराव्याने दाखवणे हे संशोधकाचे खरे काम आहे. आणि ते काम एखाद्या प्रकल्पापुरता नेमलेला सल्लागार करू शकत नाही. त्यासाठी एका विषयाला आयुष्य दिलेली, स्वतंत्र बुद्धीची माणसे लागतात.

महाराष्ट्राला हे नवे वाटण्याचे कारण नाही. धनंजयराव गाडगीळ १९३० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक होते. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे होणाऱ्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांचा त्यांचा अभ्यास संस्थेने १९४८ साली प्रसिद्ध केला. इंग्रज सरकारची कसोटी तिजोरीची होती: पाणीपट्टीतून गुंतवणुकीवर पुरेसा परतावा सुटतो का? गाडगिळांनी हिशेबाची चौकटच रुंदावली. पाणी आल्यावर मजुरी वाढते, बाजार भरतो, वाहतूक वाढते, कारखाने उभे राहतात. हे सारे सरकारच्या जमाखर्चात न दिसणारे लाभ प्रत्यक्ष पाहणी करून मोजायला हवेत, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे याच संस्थेतल्या ना. वि. सोवनी आणि नीलकंठ रथ यांनी ओडिशातल्या हिराकुड धरणाचा असाच अभ्यास केला, तो १९६० साली प्रसिद्ध झाला. धरण आणि कालवे यांचा नफातोटा समाजाच्या बाजूने मांडण्याची ही पद्धत भारतात रुजवण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. आता लाभांच्या रकान्याशेजारी तोट्याचा रकाना भरण्याची पाळी आपली आहे: क्षारपड झालेली जमीन, पाण्याखाली गेलेले जंगल, उठवलेली गावे. धनंजयरावांचे चिरंजीव माधव गाडगीळ परिसरशास्त्रज्ञ झाले आणि पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारने २०१० साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाले. त्या समितीच्या अहवालावर जे वादळ उठले, ते पाहता दोन्ही रकाने एकाच कागदावर भरणारे अर्थशास्त्रज्ञ आपल्याकडे किती कमी आहेत, हे लक्षात येते.

उसाचेच उदाहरण घ्या. महाराष्ट्रात पिकाखालच्या क्षेत्रापैकी जेमतेम चार टक्के क्षेत्रावर ऊस आहे आणि सिंचनाचे सुमारे सत्तर टक्के पाणी तो घेतो, असे केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने नोंदवले आहे. हा आकडा सांगून शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, आणि चुकीचेही. ज्या पिकाला कायद्याने ठरलेला भाव आहे, खरेदीदार ठरलेला आहे, अवकाळी पावसाने जे सहसा आडवे होऊन संपत नाही, ते पीक शेतकरी घेणारच. तूर किंवा ज्वारी घेऊन बाजाराच्या भरवशावर राहण्यापेक्षा हा निर्णय शहाणपणाचा आहे. संशोधकाचा प्रश्न इथून सुरू होतो. या शहाणपणाचा खर्च कोणाच्या विहिरीत निघतो? शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याला बोअर आणखी किती फूट खाली न्यावे लागते, त्यासाठी तो किती कर्ज काढतो, मार्च-एप्रिलमध्ये टँकरवर सरकारचा किती खर्च होतो, आणि पंपाची वीज फुकट किंवा नाममात्र दरात मिळाल्याने उपसा किती वाढतो? एकाचा उपसा हा दुसऱ्याचा तोटा असतो, पण तो तोटा कोणत्याही पावतीवर लिहिलेला नसतो. हे मोजायचे तर विहिरींच्या पातळीच्या नोंदी, वीजजोडण्या, पीकपाहणी आणि कर्जाचे दाखले एकत्र आणावे लागतात. अर्थशास्त्राइतकेच भूजलशास्त्र समजावे लागते, कारण दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून आणि मुरूम झालेल्या थरांतून फिरते, त्यामुळे शंभर मीटरवरच्या दोन विहिरींचे नशीबही वेगळे असू शकते. आणि त्या नोंदी एका हंगामाच्या असून भागत नाहीत. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची, शेतीसाठी बोअर न घेण्याची शिस्त पाळली, हे राज्याला ठाऊक आहे. ती शिस्त तिथे का टिकली आणि शेजारच्या गावांत का नाही, हे शोधणे प्रशस्तिपत्र देण्यापेक्षा कितीतरी कठीण काम आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. निसर्गाला रुपयांत मोजले की तो विक्रीला निघतो. या भीतीला आपल्याच देशात आधार आहे. वनजमीन इतर कामासाठी वळवताना त्या जंगलाचे निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे त्याच्या पुढच्या लाभांचे आजचे मोल, भरावे लागते. ते मूल्य कसे काढावे हे ठरवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालानंतर अर्थशास्त्रज्ञ कांचन चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि २००८ साली न्यायालयाने हेक्टरी ४ लाख ३८ हजारांपासून १० लाख ४३ हजार रुपयांपर्यंतचे दर मान्य केले. मोठ्या खाण कंपनीला ही रक्कम जड नाही. पैसे भरले की परवानगी हक्काची, अशी समजूत त्यातून बळावू शकते, आणि ज्या आदिवासी कुटुंबाचा मोह, तेंदू, सरपण जाते त्याच्या हातात ती रक्कम आपोआप पडत नाही. हे सारे मान्य करूनही मी विचारीन: असे मूल्य आकारण्याची पद्धत येण्याआधी काय दर होता? शून्य. जंगल अमूल्य आहे, असे भाषणात म्हणायचे आणि कागदावर त्याची नोंद शून्य ठेवायची, ही व्यवस्था जंगलाला मुळीच मानवली नाही. आकड्याने परवानगी विकत घेता येऊ नये, यासाठी कायदा आणि ग्रामसभेचा नकाराधिकार हवा. तो नसणे हा मोजमापाचा दोष नाही. उलट काही वेळा आकड्यानेच दांडग्यांना जागेवर आणले आहे. १९८९ च्या मार्चमध्ये एक्झॉन वाल्डेझ हे जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढले आणि सुमारे चार कोटी लिटर तेल समुद्रात गेले. अलास्का राज्याने नेमलेल्या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेभरच्या कुटुंबांना विचारून, जो किनारा त्यांनी कदाचित कधीच पाहिला नसेल त्याच्या हानीचा अंदाज २८० कोटी डॉलर काढला. पद्धतीवर रणकंदन झाले. शेवटी केनेथ अ‍ॅरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेल विजेत्यांच्या नेतृत्वाखालच्या समितीने १९९३ साली सांगितले की, कडक अटी पाळल्या तर अशी पाहणी न्यायालयात विचाराचा आरंभबिंदू म्हणून चालेल. न वापरलेल्या निसर्गाच्या हानीलाही वजन आहे, हे त्यातून मान्य झाले.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. आकडे हवे तसे वाकवता येतात. त्यासाठी खोटे बोलण्याचीही गरज नसते. एक दर बदलला की पुरते. शंभर वर्षांनी होणाऱ्या एक कोटी रुपयांच्या नुकसानीचे आजचे मोल किती? वर्षाला १.४ टक्के दराने सूट दिली तर सुमारे २५ लाख, ५.५ टक्के दराने दिली तर जेमतेम ४७ हजार. निकोलस स्टर्न यांच्या २००६ च्या हवामानबदलविषयक अहवालाचा कल पहिल्या प्रकारच्या दराकडे होता, तर पुढे २०१८ साली नोबेल मिळालेले विल्यम नॉर्डहाउस दुसऱ्या टोकाच्या जवळ होते. म्हणून एकाने कार्बन उत्सर्जनात तातडीने मोठी कपात हवी म्हटले आणि दुसऱ्याने त्यावर सावकाश चढत जाणारा कर पुरेसा मानला. दोघांचे गणित बरोबर होते. फरक होता तो आपल्या पणतवंडांचे सुखदुःख आपल्या तोडीचे मानायचे की नाही, या नैतिक निवडीत. प्रामाणिक संशोधक ही निवड पहिल्या पानावर लिहितो आणि दर बदलला तर उत्तर कसे बदलते, याचा तक्ता जोडतो. अप्रामाणिक माणूस ती तळटिपेत पुरतो. पण उपाय काय? हिशेबच न मांडणे हा उपाय नव्हे, कारण मग निर्णय ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने होतो. हिशेब उघड्यावर मांडणे आणि दुसऱ्याला तो खोडून काढता येईल अशी माहिती सोबत देणे, हा उपाय आहे. आपल्याकडे प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांचे अहवाल ज्याचा प्रकल्प त्याच्याच पैशाने तयार होतात. अशा व्यवस्थेत पगारासाठी त्या पैशावर अवलंबून नसलेले, विद्यापीठात किंवा सार्वजनिक संस्थेत बसून ते अहवाल तपासणारे संशोधक नसतील, तर आकडा वाकवणाऱ्याला अडवणार कोण?

आधी विकास, मग पर्यावरण, गरीब देशाला ही चैन परवडत नाही, असे म्हणणारे अजून बरेच आहेत. त्यांनी एन. एस. जोधा यांचे काम वाचावे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन केंद्राने १९७५ पासून अर्धशुष्क भागातल्या गावांचा दीर्घ अभ्यास हाती घेतला होता. सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कानझरा आणि किनखेडा ही त्यांतली गावे. तिथे अन्वेषक गावातच मुक्काम करून राहत आणि तीच ती कुटुंबे वर्षानुवर्षे नोंदवत. शेतात काय पिकले, मजुरी किती मिळाली, कोणाकडून काय उसने घेतले, हे सारे वारंवार गाठीभेटी घेऊन लिहिले जाई. त्या संस्थेत काम केलेल्या जोधांनी महाराष्ट्रासह सात राज्यांतल्या ऐंशीहून अधिक गावांत गायरान, पडीक रान, ओढे, तळी यांतून लोकांना काय मिळते ते मोजले आणि १९८६ साली मांडले. गरीब कुटुंबांच्या उत्पन्नात या सामाईक साधनांचा वाटा १४ ते २३ टक्के होता. गावातल्या सधनांच्या बाबतीत तो नगण्य. आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच्या तीस वर्षांत हे सामाईक क्षेत्र कोठे सुमारे तिसऱ्या हिश्शाने, तर कोठे सुमारे निम्म्याने घटले होते. म्हणजे गायरान गेले की ज्याच्याकडे जमीन नाही त्याची शेळी आणि सरपण जाते, पण राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यात त्याचा मागमूस लागत नाही. त्या जागेवर इमारत उठली तर उत्पन्न वाढलेलेच दिसते. जगाच्या पातळीवर हेच सर पार्थ दासगुप्ता यांनी २०२१ साली ब्रिटिश सरकारसाठी लिहिलेल्या जैवविविधतेच्या अर्थशास्त्राच्या अहवालात दाखवले. १९९२ ते २०१४ या काळात जगात माणशी यंत्रे, रस्ते, इमारती यांची संपत्ती दुप्पट झाली आणि माणशी नैसर्गिक संपत्ती जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटली. भारतासाठी असा ताळेबंद कसा मांडावा याचा आराखडा त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने २०१३ साली केंद्र सरकारला दिला होता. केंद्राचे सांख्यिकी मंत्रालय २०१८ पासून पर्यावरणाचे लेखे स्वतंत्रपणे प्रसिद्ध करू लागले आहे, ही चांगली सुरुवात आहे. ते लेखे जिल्ह्यापर्यंत आणि तालुक्यापर्यंत न्यायला माणसे लागतील.

ही माणसे कशी तयार होतात? साधारण वाट अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणातून पीएच.डी.कडे जाते. पण कृषी, वनशास्त्र, स्थापत्य किंवा भूशास्त्र शिकून या विषयाकडे वळलेल्यांचेही इथे काम असते, आणि त्यांना जमिनीची जाण आधीपासून असते. संख्याशास्त्र पक्के हवे, उपग्रहांच्या चित्रांवरून नकाशे करता यायला हवेत, प्रश्नावली नीट बांधता यायला हवी. गणिताची धास्ती घेऊन मागे फिरणाऱ्यांनी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे नाव लक्षात ठेवावे. पुरेसे गणित झालेले नाही म्हणून त्यांना लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात अर्थशास्त्राच्या पीएच.डी.ला प्रवेश मिळाला नाही. राज्यशास्त्रात जाऊन त्यांनी त्याच परिसरातल्या भूजलावर १९६५ साली प्रबंध लिहिला, पुढची चाळीस वर्षे सामाईक साधने लोक स्वतः कशी सांभाळतात याचा माग घेतला आणि २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. शिकण्याची ठिकाणे आपल्या देशात आहेत: पुण्याची गोखले संस्था, मुंबईत गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, दिल्लीची इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक ग्रोथ, चेन्नईची मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. १९९९ साली सुरू झालेल्या सँडी या दक्षिण आशियाई संशोधक जाळ्याचे केंद्र काठमांडूत आहे. दास यांच्या खारफुटीच्या अभ्यासाला याच जाळ्याने बळ दिले होते. आता मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरणविषयक अहवाल देणे सेबीने बंधनकारक केल्यामुळे खासगी क्षेत्रात पगारही चांगला मिळू लागला आहे. तो घेण्यात गैर काही नाही. मात्र कंपनीचा अहवाल लिहिणे आणि कंपनीच्या सांडपाण्याने खालच्या गावाचे काय झाले हे शोधणे, या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत, आणि दुसरीसाठी पैसा समाजाने, म्हणजे सरकारने आणि विद्यापीठांनी, उभा करायला हवा.

इतके करून ऐकतो कोण, हा प्रश्न उरतो. बऱ्याचदा कोणी ऐकत नाही, आणि या पेशात शिरणाऱ्याने ते आधीच समजून घ्यावे. पण संशोधनाचा निकाल लगेच लागत नाही म्हणून ते वाया जात नाही. केंद्रपाड्याचा अभ्यास हाताशी असल्यामुळे आज कोणत्याही किनाऱ्यावर खारफुटी तोडण्याचा प्रस्ताव आला की विरोध करणाऱ्याच्या हातात भावनेखेरीज आणखी काहीतरी असते. मुंबईच्या खाड्यांना, रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्याला हे लागू आहे. महाराष्ट्राच्या वनखात्यात २०१२ पासून खारफुटीसाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे, मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला मानला. पण आपल्या किनाऱ्यावरच्या गावांची केंद्रपाड्यासारखी गावनिहाय, सर्व शंकांना उत्तर देणारी मोजणी आपल्याकडे व्हायला हवी. तशीच प्रत्येक मोठ्या सिंचन प्रकल्पाची, तो पूर्ण झाल्यावर दहा वर्षांनी, प्रकल्पाशी संबंध नसलेल्या संशोधकांकडून तपासणी व्हावी. पाणी कोणाला मिळाले, जमीन कोणाची क्षारपड झाली, उठवलेली कुटुंबे आज काय कमावतात, हे नावगाव झाकून पण आकड्यांसह प्रसिद्ध व्हावे. विहिरींच्या पातळ्या, वीजवापर आणि पीकपाहणी यांच्या नोंदी सरकारी खात्यांकडे आहेत. त्या संशोधकांना आणि विद्यार्थ्यांना विनाअडथळा, एकत्र आणि वाचता येतील अशा स्वरूपात द्याव्यात, एवढी मागणी राज्य सरकारकडे आजच करायला हवी.